पानाचा नाद



लखनौच्या हजरतगंजाजवळ, सिकंदरबागेत राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आहे;
आणि पलीकडे कैसरबागेत,
पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली संगीत महाविद्यालय म्हणून स्थापन झालेली संस्था.
वनस्पती आणि स्वर यांचा असा शेजार लाभलेल्या शहरात,
कुंडीतले मनीप्लँट गाते काय, हा प्रश्न अप्रस्तुत नव्हे.

रोप गात नाही.

रोपाचे ‘गाणे’ ऐकवणारे यंत्र मिळते, त्याची गोष्ट अशी:
पानाला दोन चिकट पट्ट्या लावून सूक्ष्म विद्युत्प्रवाह सोडला,
की त्याला होणारा अवरोध क्षणोक्षणी बदलतो,
आणि त्या बदलांचे स्वर करण्याची तजवीज यंत्रात असते.
स्वर कोणते, वाद्य कोणते, हे कलावंत ठरवतो.

पानाला बोट लावा, सूर हलतो.
त्यात निम्मा हात, अर्थात, तुमचाच!

पुन्हा सांगतो, रोप गात नाही.
पण तो सूर ऐकताना,
पानावरची धूळ प्रथमच दिसते,
आणि माणूस ओले फडके शोधू लागतो.