बिल भरा, पण घराची किल्ली देऊ नका
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आम्ही काही संगणकतज्ज्ञ नव्हे. बी.कॉम. झालो, बँकेत कारकून म्हणून लागलो आणि वीसेक वर्षं बेळगावातल्या आपल्याच मंडळींची पासबुकं भरून देत आलो. त्यामुळे पुस्तकातलं सांगणार नाही, काउंटरवर पाहिलेलं सांगतो.

२०२४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. शहापूरचे एक निवृत्त गुरुजी सोमवारी बँक उघडताच आले. आम्हाला शाळेत गणित शिकवलेले. मान खाली. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या मोबाईलवर इंग्रजीत संदेश आला होता: मागील बिल नोंदलेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडू, या नंबरवर फोन करा. गुरुजींनी बिल भरलेलं होतं. पण भरलं होतं कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पोरानं, आणि बिल कन्नडमध्ये. भरलं की नाही हे ताडून बघायचं कसं? त्यांनी फोन केला. पलीकडच्यानं नाव बरोबर सांगितलं, म्हणून विश्वास बसला. मग एक ॲप घ्यायला लावलं, नोंदीसाठी दहा रुपये भरायला सांगितलं. गुरुजींनी कार्डाचा नंबर घातला, ओटीपी घातला. दहाऐवजी अडतीस हजार गेले. ते ॲप मोबाईलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारं होतं. ते तसंच राहिलं आणि शनिवारी आणखी बारा हजार गेले.

आम्ही विचारलं, "गुरुजी, शुक्रवारीच का नाही कळवलंत?" म्हणाले, "पुण्याचा मुलगा रागावेल, आणि लोक हसतील."

मंडळी, ही लाजच सगळ्यात महाग पडते. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिलं की, ग्राहकानं स्वतःच्या चुकीनं ओटीपी दिला तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे शुक्रवारी रात्री एक फोन झाला असता तर शनिवारचे बारा हजार वाचले असते. आणि चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधल्याच कुणाची असेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्यावर काहीच भार टाकलेला नाही.

म्हणून पहिली गोष्ट: फसलात तर आधी १९३० हा नंबर लावा. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी तिथं अडवता आले तर परत मिळण्याची आशा असते. लगेच बँकेला कळवून कार्ड बंद करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. बँकेनं तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

दुसरी गोष्ट: बिल भरायला काय लागतं ते ओळखा. भारत बिल पेमेंटची सोय असलेल्या ॲपवर सहसा ग्राहक क्रमांक पुरतो. तो घातला की नाव आणि रक्कम दिसते. ती बघा, मगच पिन दाबा. पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. फोनवर कुणी कार्डाचा नंबर मागितला की समजावं, हा वीज कंपनीचा माणूस नव्हे.

तिसरी: नंबर शोधायचा तर बिलावरून किंवा पासबुकावरून घ्या, इंटरनेटवर शोधू नका. तिथं खोटे नंबर पेरलेले असतात.

चौथी: बिलाचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकू नका. नाव, पत्ता, मीटर क्रमांक, थकबाकी, चोराला बोलायला एवढं पुरतं. आणि बिलं भरायला वेगळं खातं ठेवा, त्यात दोन-तीन हजारच असू द्या. पेन्शनचं खातं मोबाईलला जोडू नका.

आता मंडळाच्या कामाचं. आपल्याकडे भाषेचा प्रश्न निघाला की आपण पाट्यांवर बोलतो. तो प्रश्न गुरुजींच्या पेन्शनपर्यंत पोचलाय. ज्याला स्वतःचं बिल वाचता येत नाही त्याला ते दुसऱ्याच्या हाती द्यावं लागतं, आणि बिलाबरोबर मोबाईल आणि पिनही जातो. घटनेच्या ३५० व्या कलमानं संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क दिलाय. तेव्हा मंडळानं मराठीतच अर्ज द्यावा, की बिल भरणा केंद्रावर फसवणुकीची सूचना मराठीतही लावावी आणि बिलावर रक्कम व शेवटची तारीख मराठीतही छापावी. यात कन्नडला विरोध नाही. कन्नड शिकायलाही हवं, ते आपल्याच सोयीचं आहे. पण सत्तरीतल्या माणसानं ते शिकेपर्यंत लुबाडलं जावं काय?

अर्जाचं उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही बँकेतली दोघं-तिघं मंडळाच्या कार्यालयात बसू. बिल आणा, मोबाईल आणा. बटण तुम्हीच दाबायचं, आम्ही शेजारी बसून सांगू. पिन मात्र आम्हालाही सांगायचा नाही.

गुरुजी पहिल्या रविवारी येणार आहेत. त्यांनीच सांगितलं, "माझी गोष्ट सभेत सांग, नाव तेवढं घेऊ नकोस." म्हणून सांगितली.