पडद्याआधीचं पाणी



पाण्यावर काम करणाऱ्यांनी या परिषदेसाठी मुक्ताईनगरला जमावं, याचा मला मनापासून आनंद आहे. इथून जवळच, चांगदेवला, पूर्णा तापीला मिळते. पुढे हतनूरचं 41 दरवाजांचं धरण. भुसावळ शहर, रेल्वे, दीपनगरचं वीज केंद्र यांची तहान तेच भागवतं. आणि ही पूर्णा येते ती अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातून. त्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं, आणि पावसाळ्यात नदीला काळ्या मातीचा लोंढा. आपल्या धंद्यातले दोन्ही प्रश्न एकाच खोऱ्यात भेटतात.

काळ्या मातीचे कण अतिशय बारीक असतात. त्यांच्यावर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात आणि दिवसचे दिवस तळाला बसत नाहीत. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मारतं, मग कण एकत्र येऊन फ्लॉक धरतो. पण डोस किती, हे कागदावरून कळत नाही. पहिल्या पुराचं पाणी आलं की एकेक लिटरचे सहा बीकर घ्या. प्रत्येकात वेगळा डोस टाका. मिनिटभर जोरात ढवळा, मग पंधरा-वीस मिनिटं अगदी संथ, नंतर अर्धा तास हात लावू नका. एखाद्या बीकरमध्ये कापसासारखा फ्लॉक तळाला बसतो आणि वर नितळ पाणी दिसतं. तो आजचा डोस. डोस गरजेपेक्षा जास्त झाला, तर भार उलटा होऊन पाणी पुन्हा गढूळ राहू शकतं. जार टेस्ट एवढीच आहे, पण ती रोज करणारी केंद्रं फार थोडी. ज्या ऑपरेटरांनी ही सवय मोडली नाही, त्यांचा मला अभिमान वाटतो.

गाळ आधी काढण्याची ही शिस्त औष्णिक वीज केंद्रात दिसते. तिथल्या बॉयलरला क्षारमुक्त पाणी लागतं. तिथे नदीचं पाणी थेट क्षार काढणाऱ्या रेझिनवर सोडायचं कुणाच्या मनातही येत नाही. आधी क्लॅरिफायर, मग फिल्टर, मगच पुढचं. खाऱ्या पाण्यासाठी गावात आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) बसवताना मात्र आपण मशीन विकत घेतो आणि त्याच्या आधीची वाट मोकळी सोडतो. उद्‌घाटन होतं, फोटो निघतात, आणि काही महिन्यांत प्लांट बंद पडतो. दोष मेंब्रेनला, म्हणजे आतल्या पडद्याला, दिला जातो. तो बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या टप्प्यांचा असतो.

मेंब्रेन तीन तऱ्हांनी मरतं. गाळ आणि शेवाळ बसलं तर पाण्याची धार बारीक होते, ते डोळ्यांना दिसतं. कॅल्शियम, सिलिका यांचा थर बसला तर दाब वाढत जातो. तिसरी तऱ्हा सगळ्यांत वाईट. ग्रामपंचायत टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकते, ते योग्यच आहे. पण त्याच टाकीवर आरओ जोडलेला असतो आणि मधला, क्लोरीन काढणारा कार्बन केव्हाच संपलेला असतो. क्लोरीन पॉलिअमाइडचा पडदा खातं. धार कमी होत नाही, उलट वाढते. क्षार मात्र पलीकडे जाऊ लागतात. लोक खुशीत जार भरून नेतात. खारपाणपट्ट्यातल्या माणसाने पैसे मोजून पुन्हा खारंच पाणी प्यावं, हे मला सहन होत नाही.

आयएस 10500 या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा 1 एनटीयूपर्यंत आणि विरघळलेले क्षार (टीडीएस) लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर अनुक्रमे 5 आणि 2000 चालतात. मेंब्रेनला यातली सवलत नाही. त्याला 1 एनटीयूच्या आतलंच पाणी लागतं आणि सिल्ट डेन्सिटी इंडेक्स 5 च्या खाली. ती चाचणी 0.45 मायक्रॉनच्या चकतीवर पंधरा मिनिटांत होते.

पाणी आधी निवळण्याची विद्या आपल्याला नवी नाही. निर्मळीच्या बियांनी पाणी निवळतं, हे सुश्रुतसंहितेत आहे. आणि ज्या पडद्यामुळे आरओ व्यवहारात आलं, तो 1960 च्या सुमारास कॅलिफोर्नियात घडवणाऱ्या दोघांपैकी एक श्रीनिवास सौरिराजन, आपल्याच देशातले.

या परिषदेकडून माझी मागणी साधी आहे. आरओच्या प्रत्येक अंदाजपत्रकात पूर्वप्रक्रियेचा खर्च वेगळा दाखवा आणि मशीनची किंमत कमी करण्यासाठी त्याला कात्री लावू नका. वर्षभराच्या पाण्याचे नमुने तपासल्याशिवाय, त्यातही पहिल्या पुराचा नमुना पाहिल्याशिवाय, डिझाइनवर सही करू नका. आणि प्लांट चालवणाऱ्या गावच्या मुलाला बीकर, टीडीएस मीटर आणि क्लोरीन तपासायचा संच पहिल्याच दिवशी हातात द्या.