फुंकणीएवढी नळी



चुलीपुढची फुंकणी आठवा. वीतभर असती, तर धग तोंडावर आली असती. पुरुषभर असती, तर फुंकर निखाऱ्याशी पोचेपर्यंत विरली असती. ती हातभर असते, कारण आपला दम तेवढाच असतो. रायफलच्या नळीचा हिशेब हाच आहे.

पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि आपल्या मावळातली मुलंही नेमबाजीबद्दल विचारू लागली. फार आनंद होतो. पण पहिला प्रश्न काय, तर ‘सर, सगळ्यात लांब नळी कोणती घेऊ?’ बाळांनो, नळी लांब म्हणून नेम पक्का होत नाही. लांबी गोळीला वेग देते. नेम देत नाही.

पॉइंट टू-टू रायफल घ्या. तिच्या काडतुसात चिमूटभर दारू. सोळा-अठरा इंचांत तिचा दम संपतो. पुढे गोळी नुसती नळीला घासत जाते. मग स्पर्धेतल्या नळ्या लांब का? नेम धरायची नळीच्या टोकावरची माशी डोळ्यापासून जितकी पुढे, तितकी नेमातली बारीक चूक लवकर दिसते. म्हणून काही जण नळीपुढे पोकळ नळकांडं जोडतात. त्यात गोळीला ढकलायला काही नसतं, ती सोय डोळ्याची.

पॉइंट थ्री-झिरो-एट काडतुसाचा दम मोठा. तिथे इंचामागे सेकंदाला साधारण २० ते २५ फूट वेग वाढतो. हजार मीटरवर तो लागतो, कारण गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ उतरला की ती डगमगते. तीनशे मीटरवर तेवढी हाव कशाला? त्याच जाडीची नळी २० ऐवजी २६ इंच केली, तर तेवढ्याच जोराने तिचं टोक दुपटीहून जास्त वाकतं. वजन वाढतं ते वेगळंच. उभ्याने नेम धरून पाहा, तिसऱ्या मिनिटाला माशी नाचायला लागते. आईच्या हातात पुरुषभर लोखंडी पाइपाची फुंकणी दिली, तर ती फुंकेल की पेलेल?

नुसती लांबी पुरत नाही, याची साक्ष म्हणून विसापूर किल्ल्यावर जुनी लोखंडी तोफ आहे. दहा फूट लांब, तोंड चार इंच, अंगावर ट्यूडर गुलाब, मुकुट आणि ‘ई. आर.’ ही अक्षरं. भाजे गावातून चढून जाल तेव्हा तिच्या कुशीला हात लावून बघा. तोफ ज्यांवर तोलायची, ते दोन्ही बाजूंचे खुंट तोडलेले आहेत. म्हणजे लांबी दहा फूट शाबूत, पण तिला वर-खाली करून नेम धरणार कसा? टेकू गेला, तोफ संपली. तुमचा टेकू म्हणजे खांदा, कोपर आणि श्वास.

तेव्हा अंतर किती ते आधी ठरवा, मग काडतूस, मग नळी. पुन्हा सांगतो, नळी शेवटी. घाटातून वर येणारा आपला वारा गोळीला कसा ढकलतो, त्यावरही बोलायचं होतं. लांब नळीने गोळी हवेत कमी वेळ राहते, म्हणून वारा थोडा... पण समोरच्या घड्याळात माझी मिनिटं संपली. आज रात्री रिकाम्या रायफलने, भिंतीवरच्या ठिपक्यावर, दहा मिनिटं नुसता श्वास सांभाळत नेम धरून बघा. नळीचं उद्या बोलू.