हरणाची शिकार: सायलेन्सर कोणता, काडतूस कोणतं?



नोव्हेंबर लागला की अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, टेक्सास अशा राज्यांत लाखो माणसं परवाना काढून पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीला निघतात. स्कॉटलंडच्या डोंगरांत तांबड्या हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी पगारी शिकारी नेमलेले असतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरणाची शिकार हा गुन्हा ठरवला आहे आणि तो तसाच राहायला हवा. पण जिथे शिकार कायदेशीर आहे, तिथे मराठी माणसंही राहतात. शेजाऱ्याबरोबर किंवा मित्रांबरोबर कुणी रानात जाणार असेल, तर बंदुकीच्या दुकानात पहिल्याच भेटीत दोन शब्द कानावर पडतात: सायलेन्सर आणि सबसॉनिक. ही जोडी एकत्रच घ्यावी, असा अनेकांचा समज असतो. हरणाच्या शिकारीत तो समज महागात पडतो, आणि त्याची किंमत मोजतं ते हरीण.

सायलेन्सरचं पेटंट अमेरिकेत १९०९ साली हायरम पर्सी मॅक्सिम यांना मिळालं. पुढे १९१४मध्ये अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांची संघटना उभी करण्यात पुढाकार घेणारे मॅक्सिम ते हेच. मशीनगनचे जनक सर हायरम मॅक्सिम हे त्यांचे वडील. आयुष्यभर तोफा-बंदुकांच्या आवाजात वावरल्यामुळे उतारवयात वडिलांना जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. मुलानं मात्र आवाज कोंडणारी नळी तयार केली. ती आवाज पूर्ण बंद करत नाही, कमी करते. म्हणून अमेरिकेतले जाणकार आता तिला सप्रेसर म्हणतात, तर इंग्लंडमध्ये मॉडरेटर हा शब्द रुळला आहे.

रायफलचा आवाज तीन ठिकाणांहून येतो. पहिला आवाज नळीच्या तोंडाशी होतो. दारू जळून तयार झालेला तप्त वायू तिथून एकदम बाहेर फुटतो. दुसरा गोळीचा स्वतःचा असतो. हवेत आवाजाचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे सुमारे १,१२५ फूट असतो. गोळी त्याहून जोरात गेली की तिच्या वाटेवर चाबूक ओढल्यासारखा कडाका उठतो. तिसरा आवाज बंदुकीच्या हलत्या भागांचा. सायलेन्सरचा उपाय चालतो तो फक्त पहिल्यावर. आतल्या एकामागोमाग एक पडद्यांमध्ये वायू अडतो, फिरतो, थंड होतो आणि सावकाश बाहेर पडतो. गोळीचा कडाका कुठल्याही सायलेन्सरनं जात नाही. तो टाळायचा तर गोळीच आवाजाच्या वेगाखाली ठेवावी लागते. तीच सबसॉनिक.

आता कानाचं पाहू. .३०८ विंचेस्टर हे हरणासाठी सर्रास वापरलं जाणारं काडतूस. ते झाडणाऱ्या रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या वर जातो. अशा क्षणिक धमाक्यासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेषा मानतात. कानाच्या शंखातल्या ज्या सूक्ष्म पेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. चांगला सायलेन्सर २० ते ३५ डेसिबल कमी करतो. आवाज ऐकू येतोच, पण धोक्याच्या रेषेच्या आसपास किंवा खाली येतो. धक्काही कमी बसतो, त्यामुळे नवख्या माणसाचा नेम स्थिर राहतो. म्हणूनच नॉर्वे, फिनलंड, न्यूझीलंडमध्ये शिकारीच्या रायफलवर सायलेन्सर असणं ही नेहमीची गोष्ट आहे. जर्मनीनंही २०२०च्या कायदाबदलात परवानाधारक शिकाऱ्यांना तो घ्यायची मुभा दिली. सायलेन्सर असला तरी कानात बोळे घालावेत. सरावाच्या दिवशी तर ते हवेतच.

सायलेन्सर घेताना पहिली गोष्ट पाहायची ती गोळीचा व्यास. .३० इंच व्यासाचा सायलेन्सर ६.५ मिलिमीटरच्या रायफलवर चालतो. उलटं मात्र कधीही करू नये. मोठी गोळी लहान भोकातून जाणार नाही, ती सायलेन्सर फोडेल. उत्पादकानं तो कुठल्या काडतुसापर्यंत आणि किती आखूड नळीपर्यंत चालेल असं लिहिलंय, तेही वाचावं. दुसरी गोष्ट आटे. अमेरिकेत .३० व्यासाच्या नळीवर बहुधा ५/८ इंच व्यासाचे, इंचाला २४ असे आटे असतात. युरोपात मिलिमीटरचे आटे आढळतात. आटे नळीशी अगदी सरळ कापलेले नसतील तर गोळी आतल्या पडद्याला घासते, म्हणून हे काम जाणत्या बंदूक कारागिराकडूनच करून घ्यावं.

तिसरी गोष्ट वजन आणि लांबी. दिवसभर डोंगर चढायचा असेल तर टायटॅनियमचा, साधारण ३०० ते ४०० ग्रॅमचा सायलेन्सर सोयीचा. मचाणावर बसून वाट पाहायची असेल तर स्टीलचा जड सायलेन्सरही चालतो, आणि तो स्वस्त पडतो. नळी १६ ते २० इंचांची असली की सायलेन्सर लावल्यावरही रायफल झाडीत अडकत नाही. दर वेळी हातानं बोल्ट ओढून काडतूस भरावं लागणारी बोल्टची रायफल यासाठी उत्तम. आपोआप भरणाऱ्या रायफलमध्ये सायलेन्सरमुळे वायू मागे फिरतो आणि नेमबाजाच्या तोंडावर येतो. सायलेन्सर लावला की गोळी लागण्याची जागा थोडी सरकते, म्हणून नेम नेहमी सायलेन्सर लावूनच जुळवावा.

इथवर सारं सायलेन्सरच्या बाजूचं झालं. सबसॉनिक काडतुसाचा हिशेब वेगळा आहे.

गोळीचा वेग निम्मा झाला की तिची ऊर्जा चौथाईवर येते. .३०८ची १५० ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला सुमारे २,८०० फुटांनी निघते आणि सुमारे २,६०० फूट-पौंड ऊर्जा घेऊन जाते. .३०० ब्लॅकआउट हे काडतूस अमेरिकेत २०११ साली प्रमाणित झालं, आणि सायलेन्सरसाठीच ते प्रसिद्ध आहे. त्याची १९० ग्रेनची सबसॉनिक गोळी १,०५० फुटांच्या वेगानं निघते. तिची ऊर्जा भरते सुमारे ४६५ फूट-पौंड. .४५ व्यासाच्या पिस्तुलाची गोळी यापेक्षा फार मागे नाही. शिवाय नेहमीची शिकारी गोळी वेगानं आदळल्यावरच फुलते. सबसॉनिक वेगाला ती न फुलता बारीक भोक पाडून आरपार जाते. जखमी हरीण झाडीत शिरतं आणि शिकाऱ्याला सापडत नाही.

गोळी खालीही झपाट्यानं येते. ५० यार्डांवर नेम जुळवलेली सबसॉनिक गोळी १०० यार्डांवर सुमारे ६ इंच खाली लागते आणि १२५ यार्डांवर सुमारे १३ इंच. अंतराचा अंदाज पंचवीस यार्डांनी चुकला, तरी हृदय-फुप्फुसाऐवजी पाय मोडू शकतो. त्यातच गोळीपेक्षा आवाज आधी पोहोचतो. १०० यार्डांवरचं सावध हरीण बाराच्या आवाजानं दचकून हलतं आणि गोळी नंतर येते.

हे ओळखूनच अनेक देशांनी कायद्यात किमान ऊर्जेची अट घातली आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१च्या कायद्यानुसार मोठ्या हरणांसाठी नळीच्या तोंडाशी किमान १,७०० फूट-पौंड ऊर्जा लागते. स्कॉटलंडमध्ये तर सेकंदाला २,४५० फुटांचा किमान वेगच ठरवून दिला आहे. जर्मनीत लहानशा रो हरणासाठीही १०० मीटरवर १,००० ज्यूल लागतात. कोलोरॅडोत हरणासाठी १०० यार्डांवर १,००० फूट-पौंडांची अट आहे. या सगळ्या ठिकाणी सायलेन्सर चालतो, पण .३०० ब्लॅकआउटची सबसॉनिक गोळी हरणासाठी बेकायदा ठरते. काही अमेरिकी राज्यांत ऊर्जेची अशी अट नाही. तिथे जबाबदारी पूर्णपणे शिकाऱ्यावर येते.

अशा राज्यात, वस्तीजवळच्या शेतात, कमी अंतरावरून सबसॉनिकच वापरायची असेल, तर काही अटी स्वतःवर घालून घ्याव्यात. कमी वेगाला फुलण्यासाठी मुद्दाम बनवलेलीच गोळी घ्यावी. हॉर्नडी कंपनीची सब-एक्स किंवा लीहाय डिफेन्सच्या तांब्याच्या गोळ्या ही त्याची उदाहरणं. निशाणबाजीच्या सरावाची साधी सबसॉनिक काडतुसं हरणावर वापरू नयेत. वजनदार गोळी घ्यावी. .४५-७०ची ४०० ग्रेनची गोळी त्याच वेगाला .३०० ब्लॅकआउटच्या दुपटीहून जास्त ऊर्जा नेते. जड, लांब गोळी स्थिर राहायला नळीतल्या खाचांचा पीळ घट्ट लागतो. .३०० ब्लॅकआउटसाठी तो ७ किंवा ८ इंचांत एक फेरा असा असतो. पीळ सैल असेल तर गोळी डगमगते आणि सायलेन्सरच्या पडद्यावर आपटते. आधी कागदावर गोळी मारून पाहावी. भोक गोल पडलं तर ठीक, लांबट पडलं तर ते काडतूस त्या रायफलवर वापरू नये. आणि अंतर ५० यार्डांच्या आत ठेवावं.

सुरक्षेच्या तीन गोष्टी पाठच कराव्यात. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस चुकून .२२३च्या रायफलमध्ये बसू शकतं, आणि चाप ओढला तर बंदूक फुटते. म्हणून दोन्ही काडतुसं एका पिशवीत ठेवू नयेत. बार नेहमीपेक्षा दबका वाटला तर दुसरा झाडू नये. रायफल उघडून, काडतूस काढून, गोळी नळीत अडकली नाही ना ते पाहावं. आणि सावकाश जाणारी जड गोळी दगडावर, पाण्यावर टप्पा खाऊन भलतीकडे जाते, म्हणून हरणामागे मातीचा उंचवटा असल्याशिवाय चापाला बोट लावू नये.

अमेरिकेतल्या श्रोत्यांसाठी कायद्याचं थोडक्यात. १९३४च्या कायद्यानं सायलेन्सरवर २०० डॉलरचा कर होता. १ जानेवारी २०२६पासून तो शून्य झाला. पण सरकारी नोंदणी, बोटांचे ठसे आणि मंजुरी या गोष्टी कायम आहेत. काही राज्यांत सायलेन्सर ठेवणंच बेकायदा आहे. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघीय कायदा सरसकट बंदूक बाळगू देत नाही. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. म्हणून दुकानात जाण्याआधी वकिलाला विचारावं.

तेव्हा पहिल्या हंगामासाठी शिफारस अशी: .३०८ किंवा ६.५ क्रीडमूर काडतुसाची बोल्ट रायफल, तिच्यावर योग्य व्यासाचा सायलेन्सर आणि त्यात नेहमीची वेगवान, फुलणारी शिकारी गोळी. हंगामाआधी तीच रायफल आणि तेच काडतूस घेऊन चांदमारीच्या मैदानावर पुरेसा सराव करा, आणि आपल्या राज्याचा या वर्षीचा शिकार नियम स्वतः वाचून मगच रानात पाऊल टाका.