इंगलबरोच्या माथ्यावर

इंग्लंडातल्या ब्लॅकबर्न शहरात माझी आपा ४५ वर्षं राहते आहे. मी तिच्याकडे गेलो तो फिरायला नव्हे. रत्नागिरीजवळचं वडिलांचं घर विकायला काढलंय, त्यासाठी तिची सही हवी होती. आठवडा झाला तरी विषय काढायचा धीर होईना. शेवटी भाचा म्हणाला, "मामू, चला, तुम्हाला एक किल्ला दाखवतो."

किल्ला म्हटल्यावर आपल्याला बुरूज आठवतात. यॉर्कशायरमधल्या इंगलबरोवर तसलं काही नाही. आपा आणि सून खाली क्लॅपम गावात चहाच्या दुकानात बसल्या. आम्ही दोघे चढलो. वाट चुनखडीच्या मुलुखातून जाते. पावसाच्या पाण्यानं हा दगड हळूहळू विरघळतो, त्याला भेगा आणि विवरं पडतात, आणि वाहता ओढा जमिनीत गडप होतो. गेपिंग गिल इथं एक ओढा सुमारे ३२० फूट खोल कोसळतो. १८९५ साली मार्तेल नावाचे फ्रेंच गृहस्थ दोरशिडीनं तळापर्यंत उतरले. मी काठावरही धड गेलो नाही!

माथा ७२३ मीटरवर. तो चुनखडीचा नाही, खरबरीत वालुकाश्माचा आहे. सपाट, आपल्या कोकणातल्या सड्यासारखा. कडेनं ढासळलेल्या तटाचे दगड पडलेले, आणि आत गवतात गोल झोपड्यांच्या पायांची वर्तुळं. भाच्यानं बोट दाखवलं नसतं तर मी ती तुडवतच गेलो असतो. पूर्वी हा किल्ला लोहयुगातला मानत. आता काही अभ्यासकांना तो त्याहून जुना वाटतो. लढाईसाठी नव्हे, सणासमारंभासाठी लोक इथं जमत असतील, असं ते म्हणतात. वारा असा, की तिथं हिवाळा काढणाऱ्याचं मला नवलच वाटलं.

एका वर्तुळात मी बराच वेळ उभा होतो. दार कुठं असेल ते शोधत होतो.

खाली आल्यावर आपानं विचारलं, "काय पाहिलंस?"

"घरं. नुसते पाये."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आपली मागची पडवी आहे का रे अजून?"

"दोन पावसाळ्यांपूर्वी बसली."

गाडीत तिनं पर्समधून चष्मा काढला. "कागद आण."

"ते घरी आहेत, आपा."

"मग घरी गेल्यावर," ती म्हणाली, आणि चष्मा तसाच हातात धरून बसली.