सात मिनिटं



21 सप्टेंबर 1991. लंडनच्या व्हाइट हार्ट लेन मैदानावर मायकेल वॉटसन आणि ख्रिस यूबँक यांची बॉक्सिंगच्या जागतिक विजेतेपदाची लढत रंगली होती. अकराव्या फेरीत वॉटसनने यूबँकला खाली पाडलं. यूबँक उठला आणि त्याने हनुवटीखालून असा ठोसा हाणला, की वॉटसनचं डोकं मागे दोरांवर आदळलं. बाराव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. थोड्याच वेळात वॉटसन कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

डॉक्टर हजर होते, रुग्णवाहिकाही होती. कागदोपत्री सारं चोख. पण डॉक्टरने त्याला तपासेपर्यंत सुमारे सात मिनिटं गेली. श्वासनलिकेत नळी घालून लगेच प्राणवायू द्यायला हवा होता, तो रिंगपाशी मिळालाच नाही. तो मिळाला पहिल्या रुग्णालयात, आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी तिथून पुन्हा दुसरीकडे न्यावं लागलं. चाळीस दिवस वॉटसन बेशुद्ध होता. जीव वाचला, पण अपंगत्व कायमचं आलं.

त्याने दावा लावला तो प्रतिस्पर्ध्यावर नव्हे, तर व्यावसायिक बॉक्सिंगचे नियम करणाऱ्या ब्रिटिश बॉक्सिंग बोर्ड ऑफ कंट्रोलवर. हे बोर्ड सरकारी नाही. तरी डिसेंबर 2000 मध्ये अपील न्यायालयाने त्याला जबाबदार धरलं. रिंगपाशी कोणते उपचार हवेत हे बोर्ड ठरवतं आणि खेळाडू त्यावर विसंबून उतरतो. मग त्यातल्या उणिवेची जबाबदारी बोर्डाला झटकता येत नाही. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

त्याआधीच, 1998 मध्ये, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये स्पेन्सर ऑलिव्हर असाच कोसळला होता. तोवर नियम कडक झाले होते. भूलतज्ज्ञाने रिंगमध्येच उपचार सुरू केले, वेळेत शस्त्रक्रिया झाली. ऑलिव्हर बरा झाला, पुढे समालोचक झाला.

ही सुधारणा व्हायला एका तरुणाचं आयुष्य खर्ची पडलं, याचं मला दुःख आहे. 2012 मध्ये मुंबईत मिश्र मार्शल आर्ट्सची सुपर फाइट लीग सुरू झाली, तेव्हापासून अशा लढती आपल्यालाही परक्या राहिलेल्या नाहीत. म्हणून परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि खेळाडूंच्या आईवडिलांना माझी विनंती आहे : लढतीआधी आयोजकांना विचारा, रिंगपाशी श्वासनलिकेत नळी घालू शकणारा डॉक्टर आहे का, आणि मेंदूची शस्त्रक्रिया होणाऱ्या जवळच्या रुग्णालयाला आधी कळवलं आहे का. उत्तर नाही असेल, तर लढत होऊ देऊ नका.