वारसा मिरवायचा की पेलायचा?

(विमुक्त दिनानिमित्त अहिल्यानगर येथील कार्यकर्ता मेळाव्यात केलेले भाषण)



वंशभेद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दक्षिण आफ्रिका आणि अमेरिका येते. आपल्या जिल्ह्याचा त्याच्याशी काही संबंध असेल असे आपल्याला सहसा वाटत नाही. हा समज आज तपासून पाहू.

या नगरच्या मातीत मलिक अंबर होऊन गेला. हबसाणात जन्मलेला, बाजारात एकापेक्षा अधिक वेळा विकला गेलेला हा गुलाम. १६०० साली नगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडल्यावर त्यानेच निजामशाहीचा नवा वारस गादीवर बसविला आणि १६२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत मोगलांना झुंजविले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. बादशहा जहांगीर मात्र आपल्या आत्मवृत्तात अंबरच्या काळ्या रंगावरून त्याला हिणवीत राहिला. रणात जो नमत नाही त्याचा वर्ण काढायचा, ही रीत इतकी जुनी आहे.

हबशी, मराठे आणि दखनी मुसलमान भातवडीला एका बाजूने लढले, हा आपला वारसा होय. त्याचे उत्सव अवश्य करावेत. परंतु ज्या पारध्याचे पाल आजही गावाबाहेर आहे त्याच्या वाट्याला या वारशातले काय आले, हे विचारल्यावाचून समाजवादी कार्यकर्त्याला पुढे जाता येणार नाही.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ मध्ये त्याची व्याप्ती साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानापर्यंत वाढविली. गुन्हा रक्तातून उतरतो, हे त्या कायद्यामागचे तत्त्व. वंशवाद याहून वेगळा तो काय असतो? ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. पण तो कागदावरून गेला. ठाण्यातून आणि चावडीवरून गेला नाही. नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या एका दरोडा व खून प्रकरणात भटक्या जमातीच्या सहा जणांना पकडण्यात आले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा योग्य ठरविली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. तुरुंगात गेलेली वर्षे कोण भरून देणार?

कायदा हवाच, पण गाव बदलते ते गावातल्या कामाने. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला आरोग्याचे काम सुरू केले. गावातल्याच, बहुतांशी निरक्षर स्त्रिया त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. त्यांत दलित स्त्रियाही होत्या. हातपंप दलित वस्तीत घेतले गेले. पाणी हवे त्याने तेथे यावे. विटाळावर व्याख्यान न देता विटाळ मोडण्याचा हा मार्ग होता. डॉ. बाबा आढाव यांची ‘एक गाव, एक पाणवठा’ चळवळही त्याच दशकातली.

आणि त्याच जामखेड तालुक्यात, खर्डा येथे, एप्रिल २०१४ मध्ये एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. खटल्यात अनेक साक्षीदार उलटले आणि २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. खून झाला, पण तो कोणी केला हे न्यायालयात सिद्ध झाले नाही. पाणवठा एक होणे ही पहिली पायरी. साक्षीच्या पिंजऱ्यात निर्भयपणे उभे राहता येणे ही त्यापुढची. ती पायरी गाठलेले गाव घडवायचे तर साक्षीदाराच्या पाठीशी संघटना लागते.

म्हणून तीन कामे सांगतो. पारध्याला अनुसूचित जमातीचा दाखला मिळवायचा तर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्याला कोणी गावात टिकू दिले नाही त्याने तो कोठून आणावा? तेव्हा वाडवडिलांच्या शाळेच्या, महसुलाच्या नोंदी शोधण्यासाठी कार्यकर्त्याने त्याच्याबरोबर तहसीलीत बसावे. दुसरे, पालावरून कोणाला उचलले तर त्याच रात्री ठाण्यावर जावे. अटक झालेल्यास प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, हे राज्यघटनेचे २२ वे कलम तेथे मोठ्याने वाचावे. तिसरे, अत्याचाराच्या खटल्यात साक्षीदाराला एकटे सोडू नये. प्रत्येक तारखेला त्याच्याबरोबर कोर्टात जावे.

या कामांना टाळ्या मिळत नाहीत, फोटोही निघत नाहीत. परंतु भातवडीच्या रणाचा अभिमान सांगण्याचा अधिकार याच कामांतून मिळतो. पुढच्या विमुक्त दिनी भाषण माझे नसावे. पालावरची एखादी लेक या व्यासपीठावर बोलायला उभी राहावी आणि आपण सर्वांनी समोर बसून ऐकावे. त्याची तयारी आजपासून करू या.